पत्र सुरू करण्याआधीचा तो एक मेल: मराठी न्यूजलेटरसाठी खात्रीचा मेल कसा लिहावा

नवीन वाचकानं नाव नोंदवलं की त्याला सगळ्यात आधी जो मेल जातो, त्याकडे बहुतेक मराठी न्यूजलेटरवाल्यांचं लक्षच नसतं. पाठवणाऱ्या सेवेनं तयार ठेवलेला इंग्रजी मजकूर, मधे एक बटण आणि तळाशी बारीक अक्षरांतला एक पत्ता. मराठी वाचायला मिळेल म्हणून ज्यानं नाव दिलं, त्याला पहिलं वाक्य परक्या भाषेत आणि परक्या सुरात मिळतं. मी ठाण्यात राहते. बाल्कनीतल्या आणि गच्चीवरच्या बागेविषयी दर पंधरवड्याला 'बागपत्र' पाठवते आणि ओळखीच्या काही जणांना त्यांची पत्रं उभी करायलाही मदत करते. प्रत्येकाला मी आधी हाच मेल नीट लिहायला लावते. तो वाचलाच गेला नाही, तर पुढचा एकही अंक त्या माणसापर्यंत पोचत नाही.

आधी हा मेल लागतोच कशाला ते बघू. नोंदणीच्या फॉर्ममध्ये कोणीही कोणाचाही पत्ता भरू शकतं. कधी ते चुकून होतं, कधी मुद्दाम. २०१६ च्या ऑगस्टमध्ये बॉट, म्हणजे आपोआप फॉर्म भरणारे प्रोग्रॅम, वापरून हजारो न्यूजलेटरच्या फॉर्ममध्ये लोकांचे पत्ते भरले गेले. अमेरिकेतल्या सरकारी पत्त्यांसह अनेकांचे इनबॉक्स त्या माऱ्यानं भरून वाहिले. त्यानंतर स्पॅमवर नजर ठेवणाऱ्या स्पॅमहाउस या संस्थेनं खात्री न करता मेल पाठवणाऱ्या काहींना काळ्या यादीत टाकलं. ज्याच्या हातात तो इनबॉक्स आहे त्यालाच 'तुम्हीच ना?' असं विचारणं, हा यावरचा साधा उपाय. याला डबल ऑप्ट-इन, म्हणजे दुहेरी नोंदणी, म्हणतात. तुमच्या सेवेत ते चालू आहे का, हे आजच तपासा. मेलचिंप या मेल पाठवणाऱ्या सेवेनं २०१७ च्या ऑक्टोबरअखेर बहुतेक खात्यांसाठी मूळ सेटिंग एकेरी नोंदणीचं केलं, म्हणजे दुहेरी हवी तर ती आपण चालू करायची. झिरोधाच्या कैलाश नाध यांनी बनवलेलं लिस्टमंक हे मोफत सॉफ्टवेअर वापरत असाल, तर यादी तयार करतानाच ती एकेरी की दुहेरी ते निवडावं लागतं.

कायद्याच्या बाजूनंही हे सोयीचं आहे. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती कशी असावी हे सांगितलं आहे: मोकळेपणानं दिलेली, नेमकी, माहितीवर आधारलेली, विनाअट, निःसंदिग्ध आणि स्पष्ट कृतीतून दिसणारी. बटण दाबणं ही स्पष्ट कृती आहे. संमतीची विनंती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचता येण्याची मुभा माणसाला असली पाहिजे, असंही तो कायदा म्हणतो. मराठी त्या अनुसूचीत आहे. तेव्हा मराठी मजकूर ही नुसती हौस राहत नाही.

विचारा, स्वागत करू नका

मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट ही की हा मेल म्हणजे विचारणा आहे. समोरचा माणूस अजून तुमचा वाचक झालेला नाही. दारात उभं राहून 'आत येऊ का?' असं विचारणारा माणूस हातातल्या पिशव्या तिथेच उपसत नाही, तसं इथे वागायचं.

म्हणून या मेलमधून 'अभिनंदन' काढा. 'आमच्या परिवारात आपलं स्वागत आहे' काढा, कारण ते अजून खरं नाही. मागच्या गाजलेल्या अंकांच्या लिंक, फेसबुक-इन्स्टाग्रामची चिन्हं, पुस्तकाची जाहिरात, सवलतीचा कोड, सगळं काढा. 'कोणत्या महिन्यात काय पेरावं' हा माझा तक्ता लोकांना फार हवा असतो. तोही मी या मेलमध्ये देत नाही, बटण दाबल्यावर उघडणाऱ्या पानावर देते. मेलमध्ये दाबण्यासारख्या चार जागा असल्या की माणूस दुसरंच काहीतरी दाबतो, तिथे रमतो आणि नोंदणी अर्धवट राहते. त्याला मात्र वाटतं की झाली. मग महिन्याभरानं तो विचारतो, 'तुमचं पत्र का येत नाही?'

मेल कोण वाचणार आहे, हेही डोळ्यांसमोर आणा. माझे वाचक साताऱ्यातले निवृत्त शिक्षक आहेत, डोंबिवलीहून लोकलनं जाणाऱ्या बायका आहेत, दुबईत आणि न्यू जर्सीत बाल्कनीत कढीपत्ता जगवायची धडपड करणारे आहेत. कितीदा तरी मुलगी परदेशातून आईचा पत्ता भरते आणि आईला सांगायचं राहून जातं. आईला अचानक मेल येतो. 'आपण केलेल्या नोंदणीबद्दल धन्यवाद' असं त्यात असेल, तर ती म्हणणार, मी कुठे केली? म्हणून 'तुम्ही नोंदणी केलीत' असं मी लिहीत नाही. 'हा पत्ता कोणीतरी भरला' असं लिहिते. ते कायम खरं असतं.

फसवणुकीचा वास येऊ देऊ नका

आपल्याकडच्या वाचकासाठी ही बाब मला सगळ्यांत नाजूक वाटते. केवायसीच्या नावाखाली येणाऱ्या लिंक, वीज तोडण्याच्या धमक्या, अडकलेल्या पार्सलचे निरोप यांनी लोक पोळले आहेत. अनोळखी लिंक उघडू नका, असं रिझर्व्ह बँक जाहिरातींतून सांगते, बँका सांगतात, घरातली मुलंही आईवडिलांना सांगतात. आणि ते बरोबरच सांगतात. आता तुमचा मेल त्यांच्या नजरेनं बघा: अनोळखी पाठवणारा, मोठं बटण, 'पडताळणी करा', '२४ तासांत', 'अन्यथा रद्द होईल'. हा मेल जो पुसून टाकतो तो शहाणाच म्हणायचा.

तेव्हा धमकीचा आणि घाईचा एकही शब्द नको. 'खाते', 'पडताळणी', 'सत्यापन', 'तात्काळ' हे शब्द बँकेला आणि भामट्यांना सोडून द्या. मुदत सांगायचीच असेल तर दिलासा म्हणून सांगा: काही केलं नाहीत, तर अमुक दिवसांनी पत्ता पुसला जाईल.

लिंककडेही बघा. पुष्कळ सेवा क्लिक मोजण्यासाठी तुमच्या लिंकच्या जागी स्वतःच्या डोमेनची, वेड्यावाकड्या अक्षरांची लांबलचक लिंक घालतात. सावध माणूस बटणावर बोट दाबून ठेवतो आणि लिंक कुठे जाते ते बघतो. तिथे भलतंच नाव दिसलं की संपलं. निदान या मेलपुरतं क्लिक मोजणं बंद करा, किंवा सेवा देत असेल तर मोजणीसाठी स्वतःचंच उपडोमेन जोडा. लिंक लहान करून देणाऱ्या सेवा अजिबात वापरू नका.

पाठवणाऱ्याचं नाव नोंदणीच्या पानावर जसं आहे अगदी तसंच ठेवा. पानावर 'बागपत्र' आणि मेलवर तुमच्या फर्मचं इंग्रजी नाव असं झालं, तर ओळख पटत नाही. मी 'बागपत्र' आणि पुढे माझं नाव, असं दोन्ही ठेवते. उत्तर देता येणार नाही असा नो-रिप्लाय पत्ता ठेवू नका. उत्तर स्वीकारणारा पत्ता हीच खरेपणाची मोठी खूण आहे.

मजकूर

विषयाच्या ओळीत मोबाइलवर साधारण तीस-चाळीस अक्षरं दिसतात, म्हणून पत्राचं नाव पहिल्या दोन शब्दांत यायला हवं. 'कृपया आपल्या सदस्यत्वाची पुष्टी करावी' ही ओळ सरकारी वाटते, आणि कशाचं सदस्यत्व ते शेवटपर्यंत कळत नाही. इमोजी आणि उद्गारचिन्हंही इथे नकोत.

विषयाशेजारी इनबॉक्समध्ये फिकट अक्षरांत जी ओळ दिसते, तिला प्रीहेडर म्हणतात. ती तुम्ही दिली नाहीत, तर मेलमधला पहिला मजकूर तिथे येतो, आणि तयार टेम्प्लेटमध्ये तो बहुधा 'ब्राउझरमध्ये पाहा' असा असतो. फुकट मिळालेली जागा त्यावर घालवू नका.

माझा मेल हा असा आहे. हवा तर उचला आणि आपल्या पत्राप्रमाणे बदला.

विषय: बागपत्र हवं आहे ना? एकदा 'हो' कळवा

प्रीहेडर: हा पत्ता तुम्हीच भरला असेल, तर एक बटण दाबायचं आहे.

नमस्कार,

आज बागपत्राच्या पानावर हा ईमेल पत्ता कोणीतरी भरला. तो तुम्हीच भरला असेल, तर खालचं बटण दाबा. मग दर पंधरवड्याला शनिवारी सकाळी गच्चीवरच्या आणि बाल्कनीतल्या बागेविषयीचं एक पत्र तुम्हाला येत जाईल. पत्र विनामूल्य आहे आणि नको झालं की प्रत्येक पत्राच्या तळाशी असलेल्या लिंकवरून बंद करता येतं.

[ हो, मला बागपत्र पाठवा ]

बटण दिसत नसेल, तर ही लिंक उघडा: (पूर्ण लिंक)

पत्ता तुम्ही भरला नसेल, तर काहीही करू नका. फार तर एक आठवण येईल. सात दिवसांनी हा पत्ता माझ्याकडून पुसला जाईल.

काही अडलं, तर याच मेलला उत्तर द्या. ते मी स्वतः वाचते.

आणि खाली नाव, गाव.

बटणावरचं वाक्य वाचकाच्या तोंडचं असावं. 'सबमिट' किंवा 'इथे क्लिक करा' यांतून काय होणार ते कळत नाही. 'हो, मला बागपत्र पाठवा' वाचल्यावर वर एकही ओळ वाचली नसली तरी कळतं. बटणाखाली पूर्ण लिंक द्यायची, कारण काही मेलपेट्यांमध्ये बटण नीट उमटत नाही. याच कारणानं साध्या मजकुराची प्रतही सोबत जाऊ द्या. बहुतेक सेवा ती आपोआप बनवतात, तरी एकदा उघडून वाचा. कधीकधी त्यात लिंकच गळालेली असते.

देवनागरीचं अंग

टेम्प्लेट इंग्रजी अक्षरांसाठी बनलेलं असतं. त्यात मराठी ओतलं की काय काय बिघडतं, ते मला रोज दिसतं. सगळ्यांत आधी अक्षरांमधलं अंतर शून्य करा. बटणांच्या तयार शैलीत लेटर-स्पेसिंग दिलेलं असतं. इंग्रजीत ते ऐटबाज दिसतं, मराठीत शिरोरेषा तुकड्यातुकड्यांत तुटते. मग ओळींमधलं अंतर. वर वेलांट्या, रफार आणि मात्रा, खाली उकार आणि जोडाक्षरांची शेपटं, एवढं सामावायला लाइन-हाइट १.६ च्या आसपास हवी. बटणाची उंची घट्ट ठरवलेली असेल, तर 'मूळ', 'कुंडी' अशा शब्दांचे उकार कापले जातात. उंची न ठरवता वर-खाली पुरेशी मोकळी जागा (पॅडिंग) द्या. अक्षरांचा आकार १८ पिक्सेल ठेवा. वयस्क वाचक असतील, तर त्याहून मोठा.

तिरपी अक्षरं वापरू नका. देवनागरीत ती बहुतेक वेळा यंत्रानं नुसती ढकलून तिरपी केलेली असतात आणि वाचायला जड जातात. भर द्यायचा तर ठळक करा. दोन्ही कडा सरळ करणारी मांडणीही नको. अरुंद स्क्रीनवर मराठी शब्दांमध्ये खिंडारं पडतात.

जीमेल बाहेरून आणलेले वेबफाँट चालवत नाही, त्यामुळे आवडता फाँट लादायचा हट्ट सोडा. ज्या त्या यंत्रात जो असतो त्यांची यादी द्या: अँड्रॉइडसाठी नोटो सान्स देवनागरी, आयफोन आणि मॅकसाठी कोहिनूर देवनागरी, विंडोजसाठी निर्मला यूआय, त्याहून जुन्या विंडोजसाठी मंगल. मजकुराच्या वेष्टनाला भाषा मराठी असल्याची खूण, म्हणजे लँग या गुणधर्मात मराठीचा कोड, जरूर द्या. मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला त्यामुळे मराठी आवाज निवडता येतो, आणि फाँटमध्ये सोय असेल, तर 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे दिसतात.

कोणी श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप करून मजकूर देत असेल, तर तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, नाहीतर वाचकाला अर्थहीन चिन्हांची रांग दिसेल. आणि सुंदर सुलेखनाचं चित्र करून त्यात सगळा मजकूर घालायचा मोह टाळा. चित्रं बंद असली की मेल कोरा दिसतो आणि ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी तो कोराच असतो. पत्राचं बोधचिन्ह हवं तर ठेवा, छोटं, आणि त्याला पर्यायी मजकूर द्या.

विंडोजवरचं जुनं आउटलुक २००७ पासून मेल दाखवायला वर्डचं इंजिन वापरतं. तिथे गोल कोपरे आणि पार्श्वभूमीची चित्रं गळतात. बटण टेबलाच्या रंगीत घरात बसवलं की निदान चौकोनी तरी दिसतं, आणि तेवढं पुरे.

मेलच्या अलीकडे आणि पलीकडे

फॉर्म भरल्याबरोबर जे पान दिसतं, तो याच मेलचा पहिला भाग समजा. त्यावर नुसतं 'धन्यवाद' नको. भरलेला पत्ता जसाच्या तसा दाखवा: 'आम्ही या पत्त्यावर मेल पाठवला आहे'. जीमेल डॉट कॉन, जीमेलच्या जागी जीमिअल, अशा चुका माणसाला तिथेच दिसतात. शेजारी 'पत्ता बदला' असू द्या. कोणाकडून, कोणत्या विषयाचा मेल येईल तेही लिहा, आणि तो स्पॅममध्ये किंवा प्रमोशन्स टॅबमध्ये असू शकतो हेही. मेल लगेच सुटला पाहिजे. माणूस अजून फोन हातात घेऊन बसलेला असतो, तासाभरानं तो स्वयंपाकाला लागलेला असेल.

बटण दाबल्यावर काय होतं, हे तांत्रिक असलं तरी समजून घ्या. कंपन्यांच्या मेलपेट्यांवर सुरक्षेची यंत्रणा बसवलेली असते. ती मेलमधल्या लिंक माणसाच्या आधी स्वतः उघडून तपासते. नुसती लिंक उघडताच तुमच्याकडे नोंदणी पक्की होत असेल, तर हे यंत्रच त्या माणसाच्या वतीनं 'हो' म्हणून बसतं. म्हणून लिंक उघडल्यावर एका साध्या पानावर पुन्हा एक बटण ठेवणं चांगलं. तपासणी यंत्रं सहसा तिथपर्यंत जात नाहीत. घरगुती वाचकांच्या छोट्या यादीला याची फारशी गरज पडत नाही. आयटी कंपन्यांचे पत्ते यादीत जास्त असतील, तर हे कराच.

होकारानंतरच्या पानावर मात्र मन मोकळं करा. पुढचं पत्र कोणत्या तारखेला येईल, कबूल केलेला तक्ता किंवा भेटवस्तू कुठे मिळेल, आवडलेले जुने अंक कोणते, सगळं इथे.

पोचण्याची बाजू थोडक्यात. स्वतःचं डोमेन घ्या आणि मेल खरोखर त्याच डोमेनचा आहे हे पटवणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या तीन नोंदी सेवेच्या मदतपानावर दिल्याप्रमाणे करा. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले आहेत. जीमेलवर दिवसाला पाच हजारांहून जास्त मेल पाठवणाऱ्यांना या तिन्ही नोंदी आणि एका क्लिकमध्ये पत्र बंद करायची सोय बंधनकारक आहे. स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवाव्या लागतात. तुमची यादी लहान असली तरी जीमेल डॉट कॉमचा पत्ता 'पाठवणारा' म्हणून लावून दुसऱ्या सेवेतून मेल सोडू नका. तो स्पॅममध्ये जायची शक्यता फार असते.

पाठवण्याआधी मेल तपासायचा तो स्वस्तातल्या अँड्रॉइड फोनवर, फोनची अक्षरं सगळ्यांत मोठी करून. मग डार्क मोडमध्ये, कारण तिथे बटणाचा रंग उलटून अक्षरं दिसेनाशी होऊ शकतात. मग टॉकबॅक, म्हणजे अँड्रॉइडमधला स्क्रीन रीडर, चालू करून कानांनी ऐका.

किती जणांनी मेल उघडला, या आकड्यामागे लागू नका. २०२१ मध्ये ॲपलनं मेल ॲपमध्ये गोपनीयतेची सोय आणली, तेव्हापासून माणसानं न उघडलेले मेलही उघडलेले दिसतात. फॉर्म भरणाऱ्यांपैकी किती जणांनी होकार दिला, तेवढंच बघा. ते प्रमाण अचानक घसरलं, तर आधी मेल स्पॅममध्ये जातोय का ते तपासा, मजकूर नंतर.

होकार आला नाही, तर दोन दिवसांनी एक आठवण पाठवा, तशाच सुरात, 'मागचा मेल नजरेतून सुटला असेल म्हणून' एवढं म्हणून. दुसरी आठवण नाही. सात दिवसांनी पत्ता खरोखर पुसा. मेलमध्ये तसा शब्द दिलेला असतो. 'पुढे कधीतरी उपयोगी पडतील' म्हणून ते पत्ते बाजूच्या फाइलमध्ये साठवणं मला मान्य नाही.

काही जण बटण दाबतच नाहीत, मेलला उत्तर देतात: 'हो, पाठवा.' कोणी सोबत आपल्या जास्वंदीचा फोटोही जोडतं आणि पानं पिवळी का पडताहेत ते विचारतं. हाही होकारच आहे. असा पत्ता मी हातानं यादीत घालते, तो मेल संमतीची नोंद म्हणून जपून ठेवते आणि जास्वंदीबद्दलचं उत्तर त्याच दिवशी पाठवते.